वहिनी, डोंगर कुठल्या निळ्या रंगाचा?

वहिनी, तुझा बॅनर मीच केला.

शेठ नको म्हणाले होते. आज तू घरी थांब, बाजूच्या दुकानातून करून घेऊ, असं त्यांनी फोनवर सांगितलं. पण तुझा फोटो कुणा अनोळखी माणसाच्या कॉम्प्युटरवर उघडणार, तो तुझा रंग उजळवणार, डोळ्यांखालची वर्तुळं घालवणार आणि त्या नादात तुझी नाकातली चमकी पुसली गेली तरी त्याला कळणार नाही, हे मला सहन होईना. म्हणून उल्हासनगर कॅम्प चारच्या आमच्या बॅनरच्या दुकानाचं शटर अर्धं वर केलं आणि एकटाच मशीनवर बसलो. तुझ्या नावाआधी 'कालकथित' टाइप केलं. गेलेल्यांच्या नावाआधीचा हा शब्द आजवर किती जणांसाठी टाइप केला असेल, बोटांना पाठ आहे. त्या दिवशी तो सारखा चुकत होता.

फोटो कुठला ते तू ओळखलं असतंस. नदीवरचा. तू घडीच्या स्टुलावर बसलीयस, डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली, हातात ब्रश, आणि मी हाक मारली म्हणून जराशी वैतागून माझ्याकडे बघतेयस. मागे नदी, नदीपलीकडे बदलापूरचे टॉवर, त्यातल्या एकावर क्रेन. सगळ्याच्या मागे डोंगर, इतका फिकट की फोटोत जेमतेम दिसतो. शेठ आले, माझ्या पाठीशी उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "मिलिंद, पीछे का सब निकाल दे ना. अच्छे से बादल डाल दे. भाभी का फोटो है."

त्यांचं चुकलं नाही. माझं कामच ते आहे. लग्न, वाढदिवस, निवडणूक, मयत, माणूस कुठलाही असो, त्याच्या मागची भिंत, दोरीवरचे कपडे, गॅसचा सिलिंडर पुसायचा आणि तिथे ढग नाहीतर बर्फाचे डोंगर टाकायचे. तुझ्या मागचं सगळं मी सिलेक्टही केलं. केसांच्या कडा नीट धरल्या. फक्त बटण दाबायचं राहिलं होतं, ते दाबलं नाही. बॅनर तसाच छापला, क्रेनसकट. चौकात लागला तेव्हा तुझ्या हेंद्रेपाड्याच्या मावशीनं विचारलं, याहून बरा फोटो मिळाला नाही का. दादानं मान वर करून पाहिलं.

आता पुण्यानुमोदनही झालं. पाहुणे गेले, भाड्याच्या खुर्च्या गेल्या, तुझ्या फोटोपुढची मेणबत्ती प्राची सकाळ-संध्याकाळ लावते. घरात दादा, तुझी ही लेक आणि मी, तिघं उरलोय, आणि सकाळचा चहा कोणी ठेवायचा हे अजून ठरलेलं नाही. कधी दोघं उठून ठेवतात, कधी कोणीच नाही.

तुझ्याशी बोलायला बसलोय खरा, पण छातीत धडधडतंय. तू असतीस तर म्हणाली असतीस, मग धडधडतंय तसंच बोल.

मला काय होतं ते तुला नव्याने सांगायला नको. तरी सांगतो, कारण माझं बोलणं नेहमी तिथूनच सुरू व्हायचं आणि 'माहीत आहे रे' म्हणून तू ते कधी तोडलं नाहीस. लॉकडाऊन उठून दुकान पुन्हा चालू झालं, त्या दिवसांत एकदा भाजी घेताना माझे हात गार पडले. छातीत कोणीतरी दार बडवावं तसं सुरू झालं आणि मला खात्रीच पटली की आपण इथेच, या वांग्यांच्या गाडीपुढे मरणार. ईसीजी नॉर्मल आला. पुन्हा काढला, पुन्हा नॉर्मल. डॉक्टर म्हणाले हृदय ठणठणीत आहे, हा घाबरण्याचा आजार आहे. तिथून माझं जग आखडत गेलं. घर, दुकान, घर. लग्नं टाळली, बारशी टाळली, जयंतीच्या मिरवणुकीतही गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत फिरायला लागलो. दादा चिडायचा. धडधाकट माणूस, कशाला घाबरतोस, म्हणायचा. काही होत नाही, म्हणायचा. तू तसं कधीच म्हणाली नाहीस. तू विचारायचीस, आत्ता कुठे होतंय? मग मी छातीवर हात ठेवून दाखवायचो, आणि नुसतं दाखवून थोडं कमी व्हायचं.

त्याच सुमाराला अंबरनाथची तुझी कंपनी बंद झाली. पॅकिंगमध्ये इतकी वर्षं काढलीस, हाताखाली बायका होत्या, सुपरवायझरला चार शब्द सुनावणारी म्हणून तुझं नाव होतं. आणि अचानक दिवसभर घरात. सुरुवातीला तू कपाटं आवरलीस. मग पुन्हा तीच कपाटं आवरलीस. मग एक दिवस जयंतीच्या देखाव्याचे उरलेले रंग माळ्यावरून काढलेस. देखावा दरवर्षी तूच रंगवायचीस, मोठ्या कापडावर, मोठ्या ब्रशने, आणि सगळी वस्ती वाहवा करायची. पण तुला आता कागदावर काढायचं होतं. फोनवर तू बाहेर बसून चित्र काढणाऱ्या लोकांचे व्हिडिओ बघायचीस. नदीकाठी नाहीतर शेतात बसलेली माणसं, मांडीवर पॅड, शेजारी पाण्याचा डबा. एकदा जेवताना तू म्हणालीस, मला असं काढायचंय. फोटो बघून नको, समोर बसून.

दादा म्हणाला, काढ की. तू म्हणालीस, मिलिंद, तू चल माझ्याबरोबर.

मी सगळी कारणं सांगून पाहिली. लग्नसराई आहे, दुकानात काम आहे. पोट बरोबर नाही. मला ब्रश धरता येत नाही, मी माऊसवाला माणूस. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "मला एकटीला भीती वाटते. बाईमाणूस रस्त्याकडेला बसलं की लोक येऊन उभे राहतात."

मला हसू आलं. भीती आणि तू? माझी खात्री होती की हे तू माझ्यासाठी रचलंयस. मला घराबाहेर काढायचं, पण मला कमीपणा वाटू नये म्हणून स्वतःला भित्री म्हणवून घ्यायचं. ते मी तुला पुढे कितीदा बोलूनही दाखवलं. पेशंटला हवापालट करायला नेतेस ना, म्हणायचो. तू म्हणायचीस, नाही रे बाबा, तू असतोस म्हणून मी येते. मी म्हणायचो, सोड. हा आपला वाद तसाच राहिला. त्याचं पुढे काय झालं ते सांगतो, पण आधी त्या पहिल्या रविवारचं बोलू दे. ते बोललं की मला जरा श्वास मिळतो.

थंडीचे दिवस होते. स्कूटर तू चालवत होतीस आणि मी मागे, मांडीवर पॅड, खांद्याला पिशवी, एका हातात स्टूल. अंबरनाथ गेलं, बदलापूर गेलं, आणि पूल ओलांडून बारवीच्या रस्त्याला लागलो तशी दुकानं संपली. माझी नजर दवाखान्यांच्या पाट्यांवर होती. जिथपर्यंत पाट्या होत्या तिथपर्यंत मी बरा होतो. शेवटची पाटी मागे पडली आणि हात गार पडायला लागले. तू एका शेताच्या बांधाशी स्कूटर लावलीस. खाली नदी, पलीकडे गाव, टॉवर आणि त्यामागे डोंगरांची रांग. केवढं उघडं होतं ते सगळं. मला वाटलं, इथे आपल्याला काही झालं तर कोणाला हाक मारायची?

मी म्हणालो, परत जाऊ.

तू स्टूल उघडत होतीस. हातातलं काम न थांबवता विचारलंस, आत्ता कुठे होतंय? मी छातीवर हात ठेवला. तू बघितलंस, मान हलवलीस आणि डोंगराकडे बोट केलंस. "मला आधी सांग, तो डोंगर कुठल्या रंगाचा आहे?"

मी म्हणालो, निळा.

"निळा म्हणजे कुठला? आपल्या झेंड्याचा?"

मी बघितलं. झेंड्याचा नव्हता. त्याहून पुष्कळ फिका, त्यात राख मिसळल्यासारखा. दुकानात मी रंगाला नंबराने ओळखतो, पण या रंगाला नंबर देता येईना. मी म्हणालो, धुऊन धुऊन विटलेल्या जीन्सचा. तुला ते फार आवडलं. जीन्स शिवणाऱ्या उल्हासनगरचा माणूस शोभतोस, म्हणालीस. मग विचारलंस, त्याच्या पायथ्याचा? तो जरा जांभळा होता. आणि नदीकडेचं गवत? मी हिरवं म्हणणार होतो, पण ते हिरवं नव्हतं, वाळलेल्या चिंचेच्या टरफलासारखं होतं, आणि मध्येमध्ये पिवळं. असं करत तू मला सगळा देखावा रंगारंगाने फिरवून आणलंस, आणि कधीतरी माझ्या लक्षात आलं की दार बडवणं थांबलंय. पूर्ण नाही. पण दाराबाहेरचा माणूस दमून पायरीवर बसला होता.

मग आपण चित्र काढायला घेतलं आणि आपली पार फजिती झाली. घरी टेबलावर जमतं ते बाहेर काहीच जमत नाही, हे कोणी सांगितलं नव्हतं. उन्हाने पांढरा कागद डोळ्यांत घुसत होता. वाऱ्याने कोपरे उडत होते, म्हणून मी चपला काढून कागदावर ठेवल्या. आकाशाचा रंग पसरायच्या आत वाळायचा आणि त्याला काठ धरायचे. ब्रश धुवायचं पाणी घरीच राहिलं होतं, मग प्यायच्या पाण्याची बाटली डब्याच्या झाकणात ओतली आणि दुपारपर्यंत दोघं तहानेले राहिलो. सावली एका जागी थांबेना. तू डोंगराची सावली डावीकडे काढलीस, आणि वर बघतेस तोवर ती सरकलेली. "ही काय फसवणूक आहे," असं तू डोंगराला खरंच रागावून म्हणालीस. माझ्या चित्रात नदीचा चिखल झाला. एक मुंगी ओल्या आकाशातून चालत गेली आणि तिचे पाय उमटले.

आणि मग तुला वाटत होतं तसे लोक आलेच. आधी बाइकवरचे दोघं, आंटी रील बनाव ना, व्हायरल होईल, म्हणत पुढे गेले. मग एक म्हातारी आली, डोक्यावर लाकडांची मोळी. मोळी खाली न ठेवता ती लांबच उभी राहिली. आपल्या पॅडकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला चटकन ओळखता आलं, कारण आरशात मी ते रोज बघतो.

"तुमी मोजणीवालं काय?" तिने विचारलं.

तू उठलीस. मावशी, आम्ही चित्र काढतोय, नुसतं चित्र, असं सांगितलंस. तिचा विश्वास बसला नाही. ती म्हणाली, आधी पण असाच एक जण कागुद घेऊन आलेला, मागनं रस्त्याची खूण केली, मग बिल्डर आला. यो कागुद सरकारी हाय काय? तू दोन्ही कागद तिच्यापुढे धरलेस. आपली ती बिचारी नदी, चिखलाचं गवत, मुंगीचं आकाश. तिने निरखून पाहिलं, मग मोळी उतरवली आणि पदराने तोंड पुसलं.

"यात माजा घर नाय घेतलास," ती म्हणाली.

तिचं घर बांधाच्या वळणावर होतं, कौलारू, बाजूला शेवग्याचं झाड. तू विचारलंस, घेऊ का? ती जरा थांबली. घेतलं तर काय व्हईल, असं तिने विचारलं. काही होणार नाही, कागदावर राहील, असं तू सांगितलंस. मग ती तिथेच बसली आणि तू काढेपर्यंत उठली नाही. शेवगा मोठा काढायला लावला. जाताना तिने तुझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यानंतर आपण गेलो की ती लांबूनच हात करायची.

आपलं भांडण त्या चित्रावरूनच सुरू झालं. तू टॉवर काढले होतेस, सगळे, क्रेनसकट. माझ्या चित्रात एकही नव्हता. नदी, मग झाडं, मग थेट डोंगर. तू दोन्ही कागद शेजारी ठेवलेस आणि विचारलंस, इथल्या लोकांना कुठे पाठवलंस? मी म्हणालो, निसर्गचित्र आहे, निसर्गचित्रात टॉवर कोण काढतं, असलं चित्र भिंतीवर कोण लावेल. तू म्हणालीस, रोज दुकानात लोकांच्या मागचं पुसतोस, इथे तरी राहू दे. मी म्हणालो, टॉवरने डोंगर झाकतोय. तू म्हणालीस, झाकतोय तर झाकलेला काढ. मला राग आला होता, कारण मला तिथे फक्त डोंगर बघायचा होता, आणि टॉवरकडे बघितलं की इतकी माणसं एकावर एक राहतात या विचाराने श्वास अडकायचा. तेवढं तुला सांगायचं राहिलं. तुला वाटत राहिलं की मला चित्र सुंदर हवं म्हणून मी टॉवर वगळतो. तसं नव्हतं, वहिनी. मला त्यांची भीती वाटायची.

त्या हिवाळ्यात आपण बहुतेक रविवारी गेलो. चित्रं फारशी सुधारली नाहीत. तुझी जरा, माझी नाहीच. पण आठवडाभर मी आकाशाकडे बघायला लागलो. दुकानाच्या शटरवर पडलेलं ऊन बघून मनात म्हणायचो, हा कुठला पिवळा? जयंतीला मी मिरवणुकीबरोबर शेवटच्या चौकापर्यंत गेलो. दादाला ते कळलं नाही. तुला कळलं होतं, पण गर्दीत तू नुसती लांबून बघून हसलीस आणि नाचायला लागलीस.

आता त्या सकाळचं. ते टाळून चालणार नाही.

दादा पहिल्या पाळीला गेला होता, प्राची नर्सिंग कॉलेजच्या हॉस्टेलवर. मी दुकानात निघायच्या तयारीत होतो. स्वयंपाकघरात काहीतरी पडल्याचा आवाज आला. तू ओट्याला टेकून खाली बसली होतीस, कपाळावर घाम. "जरा बसते," म्हणालीस. मी विचारलं, काय होतंय? तू हाताने थांब अशी खूण केलीस. तू समोरच्या फळीवरच्या डब्यांकडे बघत होतीस आणि तुझे ओठ हलत होते. मला वाटलं काही मागतेयस, म्हणून कान जवळ नेला. ऐकू आलं नाही. तुझं लक्ष डब्यांवरच होतं.

मी पाणी दिलं. तू घोटभर घेतलंस, पुन्हा डब्यांकडे. मग तुझा चेहरा बदलला आणि मी खाली धावत जाऊन रिक्षा आणली. शेजारच्या काकूंनी आणि मी तुला उतरवलं. रिक्षात तू माझा हात धरला होतास, चांगला घट्ट. आणि तुला सांगतो, माझ्या छातीत काहीही होत नव्हतं. एवढी वर्षं ज्या रिक्षाची मी वाट बघत होतो, ती आली होती, आणि तिच्यात मी शांत होतो. रिक्षावाल्याला रस्ता सांगत होतो, सिग्नलला हॉर्न द्यायला सांगत होतो, तुझ्या मानेखाली हात धरला होता. माझा हात थरथरलाही नाही. दवाखान्यात त्यांनी तुला आत नेलं. मग एक डॉक्टर बाहेर आले, आणि ते काय सांगणार हे मला त्यांच्या चालण्यावरून कळलं.

दादाला फोन मीच केला. काय बोललो ते आठवत नाही. तो कामाच्या कपड्यांतच आला.

पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी प्राची तुझ्या साड्यांच्या घड्या घालत होती. मी बाजूला बसलो होतो. मध्येच तिचे हात थांबले. "काका," ती म्हणाली, "आईला पण तुझ्यासारखं व्हायचं. तुला माहीत होतं?"

मला माहीत नव्हतं.

तिने सांगितलं ते असं. कंपनी बंद झाल्यापासून तुला एकटीने बाहेर जायची धास्ती वाटायची. बाजारात गेलीस तरी छातीत धडधडायचं, घाम यायचा. तू फक्त प्राचीला सांगितलं होतंस, तेही हसत हसत. दादाला सांगू नको म्हणालीस, आधीच घरात एकाची काळजी त्याला आहे. प्राची म्हणाली होती, आई, एकदा दाखवून घे. तू म्हणालीस, दाखवायचं काय त्यात, मिलिंदचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, माझंही तेच असणार, मी पण रंग बघते, मग उतरतं.

वहिनी, तू डब्यांचे रंग म्हणत होतीस.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरतेय. तुझ्या छातीत जे व्हायचं ते भीतीमुळे होतं की हृदयामुळे? सगळं भीतीचंच होतं आणि त्या सकाळचं तेवढं वेगळं होतं? की पहिल्यापासून ते हृदयच होतं, आणि माझ्या नॉर्मल रिपोर्टांनी तुला फसवलं? मी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन विचारलं. भला माणूस, मला बसवून घेतलं, नीट ऐकलं. म्हणाले, आता सांगता येणार नाही, दोन्ही असू शकतं, आणि तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. मी दोष देत नाही. मी घाबरतो. प्राचीही घाबरलीय, शिकतेय नर्सिंग आणि आईचं कळलं नाही म्हणून. तिला रात्री झोप लागत नाही. मी तिला काही होत नाही असं सांगत नाही. आत्ता कुठे होतंय, विचारतो. आणि मग तिला घेऊन ईसीजी काढून आणतो, तिचाही आणि माझाही. दादालाही प्राचीने सगळं सांगितलं, मग त्यालाही नेलं. तो कुरकुर न करता आला. आता या घरात रंगही बघितले जातील आणि रिपोर्टही. आधी रिपोर्ट.

पण त्यातच दुसरंही एक आहे, आणि ते मला तुला सांगायचंय. आपला तो वाद. तू खरंच म्हणत होतीस. तुला भीती वाटत होती, आणि मी सोबत होतो म्हणून तू येत होतीस. मला वाटायचं, मी तुझ्या स्कूटरवर मागे बसलेलं ओझं आहे. ज्या माणसाला भाजीच्या गाडीपुढे उभं राहता येत नाही, त्याच्या भरवशावर तू बारवीच्या रस्त्याला स्कूटर घातलीस. मला एवढं कोणी धरून राहिलं नव्हतं. हे तू जिवंत असताना कळलं असतं तर मी नीट बसलो असतो गं. दवाखान्यांच्या पाट्या बघत बसलो नसतो. तुझ्याकडे बघितलं असतं, आणि एकदा तरी विचारलं असतं, वहिनी, आत्ता कुठे होतंय?

या रविवारी सकाळी दादाने तुझ्या स्कूटरची चावी घेतली आणि मला म्हणाला, चल, ती जागा दाखव.

रंगांची पिशवी मी घेतली ती सवयीने. दादाला स्कूटरची सवय नाही, खड्डे चुकवताना तो स्वतःशीच पुटपुटत होता. पूल ओलांडला आणि माझे हात गार पडले. आधी मला ठाऊक असायचं की आता रंग बघायचे. आता ते ठाऊक नाही. प्राचीने नाडी बघायला शिकवलंय, म्हणून मनगटावर बोटं ठेवली. ठोके जोरात होते, पण एका लयीत होते. म्हणजे भीती. म्हणजे बहुतेक भीतीच. मग डोंगराकडे पाहिलं.

दादाला तुझी जागा दाखवली. तो खाली जमिनीवरच बसला, पाय पसरून. म्हातारीच्या घराच्या कौलांतून धूर येत होता. दादा बराच वेळ समोर बघत राहिला. चित्र, रंग यातलं त्याला काही कळत नाही, तुला माहीत आहे. मग माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "तिला इथे भीती वाटायची?"

नाही म्हणता आलं असतं. त्याला बरं वाटलं असतं.

"हो," मी म्हणालो. "तरी यायची."

त्याने मान हलवली. शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. मला का नाही सांगितलं, असं काहीतरी म्हणाला, पण ते मला विचारलेलं नव्हतं. नदीवर कोणाच्या तरी म्हशी उतरल्या, पाणी पिऊन पलीकडे गेल्या. नंतर तो म्हणाला, "तू काढ. मी बसतो."

मी कागद क्लिपला लावला. हात थरथरत होता. तो थांबायची वाट न बघता डोंगराची रेघ ओढली, ती वाकडी गेली. मी वर पाहिलं तर दादा माझ्याकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून बसला होता, कोणी आलं तर त्याला आधी दिसावं म्हणून.